पाच व्यवस्था आणि एक रिकामी पेटी

संस्थेच्या संगणकांना आग लागली, तळघरात पुराचे पाणी शिरले, किंवा कुणाच्या हातून सगळी माहिती पुसली गेली, तर काम पुन्हा कसे उभे करायचे? या प्रश्नाचे आधीच तयार ठेवलेले उत्तर म्हणजे आपत्ती-पुनर्प्राप्तीचा आराखडा. बँका, रुग्णालये, वीज कंपन्या, शेअर बाजार या सर्वांना तो लागतो. या विषयावर लिखाणही भरपूर आहे, परंतु त्यातले बरेचसे उपदेशाच्या थाटाचे असते. माहितीच्या प्रती काढा, त्या दूरच्या ठिकाणी ठेवा, जबाबदाऱ्या लिहून काढा, असे त्यात सांगितलेले असते. हा उपदेश चुकीचा नाही. मात्र तो पाळल्याची खात्री असलेल्या संस्थाही ऐनवेळी का अडकतात, हे त्यातून कळत नाही. ते समजण्यासाठी प्रत्यक्ष अपघातांचे अहवाल वाचावे लागतात, आणि असे अहवाल सहसा संस्थेच्या कपाटाबाहेर येत नाहीत.

गिटलॅब या कंपनीने फेब्रुवारी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेला अहवाल याला अपवाद आहे. जगभरचे प्रोग्रॅमर आपापल्या प्रोग्रॅमचा मजकूर या कंपनीच्या संगणकांवर ठेवतात आणि त्यावर एकत्र काम करतात. ३१ जानेवारी २०१७ रोजी कंपनीचा मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला. तो कसा पुसला गेला आणि परत आणायला एवढा वेळ का लागला, हे या अहवालात सांगितले आहे. संगणकाचा धंदा नसलेल्या वाचकाने, विशेषतः विज्ञानशिक्षकाने, हा अहवाल का वाचावा, आणि तो कुठे अपुरा पडतो, हे दोन प्रश्न घेऊन आपण त्याकडे पाहू.

काय घडले?

डेटाबेसचे दोन संगणक होते. पहिला मुख्य. दुसरा दुय्यम, म्हणजे पहिल्यावर जे जे लिहिले जाईल ते लगेच स्वतःकडे उतरवून घेणारा. त्या रात्री मुख्य संगणकावर कामाचा भार एकाएकी वाढला. दुय्यम संगणक मागे पडला आणि अखेर दोघांमधला धागा तुटला. तो पुन्हा जोडायचा तर दुय्यम संगणकावरची माहिती काढून टाकून, मुख्यावरून नव्याने सगळी उतरवून घ्यावी लागते. ते काम काही केल्या सुरू होईना. रात्री उशिरा, जागतिक वेळेनुसार साडेअकराच्या सुमारास, एका अभियंत्याला वाटले की दुय्यम संगणकावरची जागा पूर्ण रिकामी नसावी. त्याने ती पुसण्याची आज्ञा दिली. ती आज्ञा मुख्य संगणकावर दिली गेली होती. एक-दोन सेकंदांत चूक लक्षात आली आणि त्याने आज्ञा थांबवली. तोवर सुमारे ३०० गिगाबाइट माहिती गेली होती. दुय्यम संगणक तर आधीच रिकामा केलेला होता.

आता प्रतींकडे वळायचे. कंपनीकडे माहिती राखण्याच्या एक-दोन नव्हे, पाच व्यवस्था होत्या. दर २४ तासांनी डेटाबेसची पूर्ण प्रत काढली जाई. ती प्रत दुसऱ्या कंपनीच्या दूरच्या साठवणुकीत पाठवली जाई. डिस्कचे क्षणचित्र घेण्याची सोय होती. दुय्यम संगणक होता. शिवाय चाचणीच्या संगणकासाठी दिवसातून एकदा वेगळे क्षणचित्र घेतले जाई. अभियंत्यांनी एकेक दार उघडून पाहिले. दूरच्या साठवणुकीची पेटी रिकामी होती. डिस्कच्या क्षणचित्रांची सोय इतर काही संगणकांसाठी चालू केलेली होती, डेटाबेसच्या संगणकांसाठी नव्हती. पाचांपैकी एकही व्यवस्था भरवशाने चालत नव्हती, किंवा मुळात लावलेलीच नव्हती, अशी नोंद त्यांनी त्याच रात्री केली आणि ती जगासमोर ठेवली.

तरीही माहिती वाचली, ती एका योगायोगाने. त्याच दिवशी संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटांनी एका अभियंत्याने भार-विभागणीचा प्रयोग करायचा म्हणून मुख्य डेटाबेसचे क्षणचित्र हाताने घेऊन चाचणीच्या संगणकावर उतरवले होते. कंपनीने तेच परत आणले. त्यानंतरच्या सुमारे सहा तासांतली माहिती मात्र गेली. अहवालातल्या आकड्यांनुसार किमान ५००० प्रकल्पांच्या नोंदी, ५००० शेरे आणि ७०० नवी खाती त्यात होती. प्रोग्रॅमचा मूळ मजकूर वेगळ्या ठिकाणी असल्याने तो सुरक्षित राहिला. सेवा सुमारे १८ तास बंद होती.

अहवालाचे बलस्थान

अपघात झाला की पहिला प्रश्न 'कोणी केले?' असा येतो. हा अहवाल चुकणाऱ्या अभियंत्याचे नाव सांगत नाही. हा केवळ सौजन्याचा भाग नाही, त्यामागे विचाराची शिस्त आहे. थकलेला माणूस रात्री उशिरा दोन सारख्या दिसणाऱ्या पडद्यांत गल्लत करणार, हे गृहीतच धरायला हवे. नाव सापडले की शोध थांबतो आणि कारणे मागे राहतात.

शोध पुढे नेण्यासाठी अहवालाने 'पाच वेळा का?' ही पद्धत वापरली आहे. टोयोटा या जपानी मोटार कंपनीत ती रूढ झाली. एका 'का?'चे उत्तर मिळाले की त्या उत्तरालाच पुढचा 'का?' विचारायचा. इथली प्रश्नमाला अशी: परत आणायला इतका वेळ का लागला? रोजची प्रत उपलब्ध नव्हती. का? ती काढणारा प्रोग्रॅम रोज अपयशी ठरत होता. का? डेटाबेस ९.६ या आवृत्तीचा होता आणि प्रत काढणारा प्रोग्रॅम ९.२ या जुन्या आवृत्तीचा चालवला जात होता. मग हे कुणाला कळले का नाही? अपयशाची सूचना देणारी ई-पत्रे निघत होती, पण पाठवणाऱ्याच्या ओळखीची खूण त्यांवर नसल्याने ती टपालव्यवस्था परत लावत होती. प्रती परत आणून पाहण्याची चाचणी का होत नव्हती? कारण ते काम कुणाचेच नव्हते.

ही साखळी वर्गात वाचून दाखवावी इतकी बोलकी आहे. प्रत काढणारा प्रोग्रॅम नापास होत होता आणि 'मी नापास होतो आहे' हे सांगणारा निरोप्याही वाटेतच अडत होता. तक्रार येत नाही, याचा अर्थ संस्थेने 'सर्व ठीक आहे' असा लावला. वस्तुतः तक्रार न येण्याची दोन कारणे असू शकतात: बिघाड नसणे, किंवा बिघाडाची बातमी न पोहोचणे. यांतले खरे कोणते, हे नुसते वाट पाहून कळत नाही. त्यासाठी मुद्दाम तपासावे लागते. प्रयोगशाळेत आपण उपकरण वापरण्याआधी ज्ञात वजन ठेवून तराजू तपासतो, त्यातला हेतू हाच असतो.

आरसा आणि छायाचित्र

अहवाल न सांगता आणखी एक गोष्ट शिकवतो. दुय्यम संगणक हा आरशासारखा असतो. समोरचा माणूस हलला की आरशातलाही हलतो, आणि समोरचा निघून गेला की आरसाही रिकामा होतो. मुख्य संगणक यंत्रदोषाने बंद पडला तर असा जोडीदार उपयोगी पडतो. पण डेटाबेसला रीतसर दिलेल्या आज्ञेने एखादी नोंद पुसली गेली, तर तीही आज्ञा तो क्षणार्धात इमानेइतबारे उतरवून घेतो. दर दिवशीची प्रत छायाचित्रासारखी असते. ते जुने असते, पण नंतर काहीही घडले तरी बदलत नाही. दोन्ही लागतात, आणि एक दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही. आराखड्यांमध्ये या दोन्ही गोष्टी 'प्रत' या एकाच रकान्यात लिहिलेल्या आढळतात, तिथे गोंधळाची सुरुवात होते.

छायाचित्र किती जुने चालेल, हा आराखड्यातला पहिला आकडा. काम किती वेळात सुरू व्हायला हवे, हा दुसरा. पहिला आकडा किती माहिती गमावणे परवडेल हे सांगतो, दुसरा किती काळ थांबणे परवडेल हे सांगतो. गिटलॅबच्या व्यवस्थेत रोजची प्रत चालू असती तरी जास्तीत जास्त २४ तासांची माहिती जाऊ शकली असती. प्रत्यक्षात सहा तासांची गेली. म्हणजे योजनेपेक्षा योगायोगाने अधिक चांगले काम केले! अशा सुटकेचे समाधान मानू नये. तो योगायोग काही तास अलीकडे-पलीकडे झाला असता तर आकडा वेगळा दिसला असता.

दुसऱ्या आकड्याचे गणित विद्यार्थ्यांना फळ्यावर करता येईल. चाचणीच्या संगणकावरून माहिती उतरवण्याचा वेग सेकंदाला सुमारे ६० मेगाबिट होता. एका बाइटमध्ये आठ बिट. ३०० गिगाबाइट म्हणजे सुमारे २४ लाख मेगाबिट. त्याला ६० ने भागले की ४० हजार सेकंद, म्हणजे ११ तासांहून अधिक. ही आदर्श स्थिती झाली. प्रत्यक्षात नकलेला सुमारे १८ तास लागले. हे गणित करायला अपघाताची गरज नव्हती. प्रत आहे, एवढे म्हणून भागत नाही. ती परत यायला किती वेळ लागेल हा आकडा साध्या भागाकाराने आधीच मिळतो, आणि तो मिळाला की संथ डिस्कवर विसंबायचे की नाही याचा निर्णय घेता येतो.

पाच व्यवस्था एकदम कशा निकामी झाल्या?

संभाव्यता शिकलेला विद्यार्थी इथे शंका काढील. समजा, प्रत्येक व्यवस्था दहात एकदा दगा देते. मग पाचही एकाच वेळी दगा देण्याची संभाव्यता एक लक्षात एक. इतकी दुर्मिळ घटना घडलीच कशी?

उत्तर गृहीतकात आहे. संभाव्यतांचा गुणाकार करायचा तर त्या घटना परस्परांपासून स्वतंत्र असाव्या लागतात. इथे त्या स्वतंत्र नव्हत्या. रोजची प्रत निघत नव्हती म्हणूनच दूरची पेटी रिकामी होती, म्हणजे या दोन व्यवस्था मोजायला दोन पण वस्तुतः एकच. दुय्यम संगणक मोकळा करतानाच मुख्यावर घाला पडला, म्हणजे तेही एकाच घटनेत सापडले. इतर उपाय पुरेसे आहेत अशा समजुतीने डिस्कची क्षणचित्रे चालू केलेली नव्हती. जितके उपाय जास्त, तितका प्रत्येकाबद्दलचा निष्काळजीपणा जास्त. शिवाय सगळ्यांच्या मुळाशी एकच कारण होते: परत आणण्याची चाचणी कुणीच घेत नव्हते. ज्या व्यवस्थेची चाचणी झालेली नाही, ती दहात एकदा दगा देते असे म्हणण्यालाही आधार नाही. तिच्याबद्दल आपल्याला काहीच माहीत नसते.

अहवाल कुठे थांबतो?

आता उणिवांकडे वळू. अहवालात दोन प्रश्नमाला आहेत. सेवा का बंद पडली, ही पहिली. परत यायला वेळ का लागला, ही दुसरी. पहिली माला भार का वाढला याचा माग काढत जाते. कचरा-मजकूर टाकणारे लोक, आणि एका उपद्रवी वापरकर्त्याच्या खोट्या तक्रारीवरून कंपनीच्याच कर्मचाऱ्याचे खाते पुसण्याचे पार्श्वभूमीवर चाललेले काम, इथे ती पोहोचते. ही माहिती खरी आहे, गमतीची आहे, पण शिकवत फारसे नाही. उद्याचा भार वेगळ्याच कारणाने वाढेल. 'पाच वेळा का?' या पद्धतीची ही मर्यादाच आहे. ती एकच धागा धरून चालते. अपघात मात्र अनेक धाग्यांच्या गाठीत असतो. कोणता धागा धरायचा हे विचारणाऱ्यावर अवलंबून राहते. दुसरी माला महत्त्वाची आहे, कारण ती अपघात कोणताही असला तरी लागू पडते.

पण ती दुसरी मालाही शेवटच्या पायरीवर एक 'का?' राखून ठेवते. चाचणीचे काम कुणाचेच नव्हते, इथे ती थांबते. कुणाचेच का नव्हते? इथून पुढचा प्रश्न तंत्रज्ञांचा राहत नाही, तो व्यवस्थापनाचा होतो. प्रत परत आणून पाहण्याच्या कामातून ग्राहकाला दिसेल असे काहीच तयार होत नाही. ते काम नीट केले तर काहीही घडत नाही, आणि काहीही न घडल्याबद्दल शाबासकी मिळत नाही. नव्या सोयी देणाऱ्याचे कौतुक आणि जुने जपणाऱ्याचा विसर, हा प्रकार बहुतेक संस्थांत चालतो. अहवाल प्रांजळ आहे, तरी हा प्रश्न त्याने कंपनीच्या वरिष्ठांना विचारायला हवा होता.

त्यामुळे उपायांची यादीही वाचकाने चाळून घ्यायला हवी. मुख्य आणि चाचणीच्या संगणकांच्या पडद्यावर ओळखीच्या ठळक खुणा ठेवणे, हा त्यातला एक उपाय. तो योग्य आहे, पण तो झालेल्या चुकीवरचा आहे. माहितीच्या टिकाऊपणासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमणे आणि प्रती आपोआप परत आणून रोज तपासणे, हे उपाय पुढच्या अनोळखी चुकीवरचे आहेत. आराखड्याची किंमत या दुसऱ्या प्रकारच्या उपायांवरून ठरवावी.

मुंबईतला पडताळा

प्रती चांगल्या असल्या आणि पर्यायी केंद्र उभे असले तरी प्रश्न संपत नाही. त्याचा दाखला मुंबईत मिळाला. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले आणि दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. दोन दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्यांत बिघाड झाला होता आणि जोखमीवर देखरेख ठेवणारी यंत्रणा बंद पडली होती. एक कंपनी अडली तर दुसरी असावी, म्हणून दोन कंपन्या घेतलेल्या होत्या. इथेही स्वातंत्र्याचे गृहीतक कोसळले. शेअर बाजाराचे दूरच्या शहरात पर्यायी केंद्रही होते. तरीही त्या दिवशी काम तिकडे वळवले गेले नाही, आणि का वळवले नाही हा प्रश्न नंतर सेबीने विचारला.

महिन्याभरात सेबीने नियम कडक केले. महत्त्वाची यंत्रणा बंद पडल्यास ३० मिनिटांत आपत्ती जाहीर करावी आणि त्यानंतर ४५ मिनिटांत काम सुरू करावे, असे बाजारांना सांगण्यात आले. यातला पहिला आकडा विचार करण्यासारखा आहे. 'अजून दहा मिनिटे थांबू, सुरू होईल' या मोहात तास निघून जातात. म्हणून निर्णयालाही मुदत घातली गेली. पुढे २ मार्च २०२४ रोजी, शनिवार असूनही, बाजारांनी खास सत्र ठेवले. त्याचा पहिला भाग मुख्य केंद्रातून आणि दुसरा पर्यायी केंद्रातून चालवला. खरे ग्राहक, खरे पैसे, खरी खरेदी-विक्री. १८ मे २०२४ रोजी पुन्हा तेच केले. गिटलॅबच्या अहवालात जे वाक्य उपायांच्या यादीत होते, ते इथे वेळापत्रकात आले.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

शाळेला हे सारे दूरचे वाटण्याचे कारण नाही. जनरल रजिस्टर, गुणपत्रके, शाळा सोडल्याचे दाखले यांच्या नोंदी आता कार्यालयातल्या संगणकावर असतात. त्यांची प्रत पेनड्राइव्हवर असते आणि पेनड्राइव्ह त्याच टेबलाच्या खणात असतो. छप्पर गळले तर दोन्ही एकदम भिजतील. या दोन प्रतींना स्वतंत्र म्हणता येईल का?

आवृत्तीच्या तफावतीचा प्रकारही आपल्याकडे घरचाच आहे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या टंकांत लिहिला जाई. आज ती संचिका नव्या संगणकावर उघडली आणि तो टंक तिथे नसला, तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग दिसते. संचिका आहे, उघडतेही आहे, फक्त त्यातला विद्यार्थी सापडत नाही.

म्हणून नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन एक प्रयोग करावा. नोंदींत इतरांची खासगी माहिती असते, त्यामुळे प्रत हाताळण्याचे काम लिपिकांनी किंवा शिक्षकांनीच करावे. विद्यार्थ्यांनी घड्याळ आणि निरीक्षण-वही सांभाळावी. दहा वर्षांपूर्वीचा एक नोंदणी-क्रमांक चिठ्ठी टाकून निवडावा. नेहमीच्या संगणकाला हात न लावता, केवळ प्रतीवरून, दुसऱ्या संगणकावर त्या विद्यार्थ्याची नोंद काढून ती कागदी रजिस्टराशी ताडून पाहावी. किती वेळ लागला? नोंद पूर्ण होती का? अक्षरे वाचता आली का? पासवर्ड एकाच माणसाला ठाऊक होता का, आणि तो रजेवर असता तर? प्रतीतली शेवटची नोंद कोणत्या तारखेची होती? पाच ओळींची ही निरीक्षणे तारखेसह लिहून मुख्याध्यापकांच्या सहीने ठेवावीत आणि दर सत्राच्या सुरुवातीला प्रयोग पुन्हा करावा.

नोंद सापडली तर उत्तमच. न सापडली तर तेही उत्तम, कारण आज कागदी रजिस्टर कपाटात शाबूत आहे आणि दुरुस्तीला वेळ आहे. गिटलॅबला आपली पेटी रिकामी असल्याचे कळले तेव्हा मुख्य आणि दुय्यम दोन्ही डेटाबेस पुसले गेले होते.